बिलियर्ड्स, स्नूकर, पूल : भारतात घडलेला खेळ आणि टेबलापर्यंतची वाट

हिरव्या कापडाने मढवलेले टेबल, हातात निमुळती काठी आणि एकमेकांवर आपटून खळ्यात जाणारे रंगीत चेंडू एवढ्या सामग्रीवर चालणाऱ्या खेळांना एकत्रितपणे ‘क्यू स्पोर्ट्स’ म्हटले जाते. बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल हे या कुटुंबातील तीन प्रमुख खेळ होत. त्यांपैकी स्नूकर हा खेळ भारताच्या भूमीवर, जबलपूरच्या लष्करी छावणीत, १८७५ मध्ये जन्माला आला. स्वतंत्र भारताला कोणत्याही खेळातील पहिले वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळाले तेही याच टेबलावर. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये बिलियर्ड्समध्ये तो मान मिळवला. त्यानंतर भारतीय खेळाडूंनी या खेळांत जितकी जागतिक विजेतेपदे पटकावली, तितकी फार थोड्या खेळांत मिळाली आहेत.

असे असूनही हा खेळ सर्वसामान्यांच्या ओळखीचा झाला नाही. क्रिकेटला मोकळी जागा आणि कुस्तीला माती पुरते. बिलियर्ड्सला मात्र एक टनाहून जड टेबल, त्यासाठी मोठी बंदिस्त खोली आणि दोन्हींची सतत निगा लागते. त्यामुळे या खेळाचा भारतातील इतिहास बऱ्याच अंशी टेबलापर्यंत कोणाला पोहोचता आले याचा इतिहास आहे. खेळाची साधने, नियम, स्पर्धा आणि भारतीय खेळाडूंची कामगिरी यांचा हा आढावा.

हिरवळीवरून टेबलावर

बिलियर्ड्सचे मूळ पंधराव्या शतकातील युरोपात हिरवळीवर खेळल्या जाणाऱ्या, लाकडी दांड्याने चेंडू ढकलण्याच्या खेळांत सापडते. पाऊस आणि थंडीमुळे हा खेळ घरात आला व टेबलावर चढला. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्याकडे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात असे टेबल असल्याची नोंद आढळते. टेबलावरील कापडाचा हिरवा रंग ही त्या मूळ हिरवळीची आठवण मानली जाते. ‘बिलियर्ड्स’ या शब्दाचा उगम काठी या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे.

आरंभी चेंडू काठीने टोचत नसत, तर जाड डोक्याच्या दांड्याने ढकलत असत. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला की त्या जाड डोक्याने तो नीट मारता येत नसे. मग खेळाडू दांडा उलटा धरून त्याच्या बारीक टोकाने चेंडू मारू लागले. या टोकाला फ्रेंचमध्ये ‘शेपूट’ या अर्थाचा शब्द होता. त्यावरूनच आजचा ‘क्यू’ हा शब्द आला. पुढे जाड डोके गळून पडले आणि शेपूटच मुख्य साधन बनले.

टेबल : खेळाचा पाया

इंग्लिश बिलियर्ड्स आणि स्नूकर हे दोन्ही खेळ एकाच टेबलावर खेळले जातात. या टेबलाला बारा फुटी टेबल म्हणतात; प्रत्यक्ष खेळण्याची जागा ११ फूट ८.५ इंच लांब आणि ५ फूट १० इंच रुंद असते. जमिनीपासूनची उंची २ फूट ९.५ इंच ते २ फूट १०.५ इंच या मर्यादेत ठेवावी लागते. चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन अशी सहा पॉकेट असतात.

कापडाखाली लाकूड नसून पाटीचा दगड असतो. लाकडी फळ्या हवामानानुसार फुगतात, आक्रसतात आणि वाकतात. लंडनचे कारागीर जॉन थर्स्टन यांनी १८२६ च्या सुमारास पाटीच्या दगडाचा वापर सुरू केला आणि टेबलाचा पृष्ठभाग प्रथमच खऱ्या अर्थाने सपाट झाला. आजही पूर्ण आकाराच्या टेबलात सुमारे पावणेदोन इंच जाडीच्या, सहसा पाच शिळा जोडून बसवतात. सांधे भरून, पाणसळीने सपाटी तपासून मगच वर कापड ताणले जाते. टेबल हलवले की हे सारे काम नव्याने करावे लागते. हे काम जाणणारे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असल्याने टेबलाची जागा एकदा ठरली की ती सहसा बदलत नाही.

कडेच्या पट्ट्यांना कुशन म्हणतात. पूर्वी त्यांत चिंध्या किंवा केस भरत. थर्स्टन यांनी १८३५ मध्ये रबर आणले. परंतु थंडीत ते कडक पडे. व्हल्कनाइज्ड रबराचा वापर १८४५ पासून सुरू झाल्यावर ही अडचण दूर झाली आणि चेंडू ठरावीक कोनात, ठरावीक वेगाने परत येऊ लागला. कुशनचा आधार घेऊन खेळण्याचे सारे गणित या बदलानंतर शक्य झाले.

स्नूकरच्या कापडाला बारीक लव असते आणि ती एका दिशेने बसवलेली असते. हळू मारलेला चेंडू या लवेमुळे किंचित वळतो. म्हणूनच टेबल नेहमी एकाच दिशेने, बॉकलाइनच्या बाजूकडून काळ्या चेंडूच्या बाजूकडे झाडले जाते व मग इस्त्री केली जाते. दमट हवेत कापड ओलावा धरते आणि चेंडू जड चालतो. मुंबईच्या किंवा कोलकात्याच्या पावसाळ्यात सराव करणाऱ्याला हा फरक प्रत्यक्ष जाणवतो. मोठ्या स्पर्धांत टेबलाखाली विजेवर चालणारी उष्णतेची व्यवस्था ठेवतात ती याच कारणासाठी.

चेंडू : हस्तिदंतापासून रेझिनपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उत्तम चेंडू हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून मोजकेच निर्दोष चेंडू निघत. त्यातही दाताच्या मधोमध जाणारी नस चेंडूच्या केंद्रातून गेली नाही, तर चेंडू एका बाजूला झुकत चाले. खेळाची लोकप्रियता वाढली तशी हत्तींची कत्तलही वाढली आणि हस्तिदंत महागले. अमेरिकेतील फेलन अँड कोलेंडर या टेबल बनवणाऱ्या संस्थेने १८६३ मध्ये हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्या शोधातून जॉन वेस्ली हायट यांनी १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड विकसित केले. प्लास्टिक उद्योगाच्या इतिहासाचा आरंभ अशा रीतीने बिलियर्ड्सच्या चेंडूपाशी येऊन मिळतो.

सेल्युलॉइडच्या चेंडूंतही दोष होतेच. विसाव्या शतकात फिनॉलिक रेझिनचे चेंडू आले आणि आज स्पर्धांत तेच वापरले जातात. बेल्जियममध्ये तयार होणारे अरामिथ चेंडू जगभर मान्यता पावले आहेत. बिलियर्ड्स आणि स्नूकरच्या चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर असतो. एका संचातील चेंडूंच्या वजनात तीन ग्रॅमहून अधिक फरक चालत नाही. पूलचा चेंडू मोठा, ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा आणि जड असतो.

क्यू, टिप आणि खडू

क्यू किमान तीन फूट लांब असावा, एवढीच नियमाची मुख्य अट आहे. प्रत्यक्षात बहुतेक खेळाडू पावणेपाच फुटांच्या आसपासचा क्यू वापरतात. स्नूकरमध्ये क्यूचा दांडा अॅश किंवा मेपल या लाकडाचा असतो आणि मुठीच्या भागात एबनीसारखे जड लाकूड बसवतात. स्नूकरच्या क्यूचे टोक साडेनऊ-दहा मिलिमीटरचे, तर पूलच्या क्यूचे टोक त्याहून जाड असते.

टोकावरील चामड्याची टिप हा या खेळातील सर्वांत मोठा शोध ठरला. फ्रान्सचे कॅप्टन फ्रांस्वा मँगो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कारावासात असताना तो लावला, असे सांगितले जाते. नुसत्या लाकडी टोकाने चेंडू मध्यावरच मारावा लागे. चामड्यामुळे चेंडूच्या वर, खाली किंवा बाजूला आघात करून त्याला फिरकी देता येऊ लागली. चेंडू आदळल्यावर पुढे जाणे, मागे येणे किंवा जागीच थांबणे खेळाडूच्या हाती आले. टिप घसरू नये म्हणून तिला खडू लावतात. हा फळ्यावरचा खडू नव्हे. सिलिका आणि घर्षक द्रव्ये असलेल्या आजच्या खडूचे पेटंट विल्यम स्पिंक्स व विल्यम हॉस्किन्स या अमेरिकी जोडीने १८९७ मध्ये घेतले.

लांबच्या चेंडूपर्यंत हात पोहोचत नसेल तेव्हा ‘रेस्ट’ नावाचा दांडा वापरतात. त्याच्या टोकावरील आडव्या खाचेत क्यू टेकवला जातो. फटका मारताना खेळाडूचा किमान एक पाय जमिनीला टेकलेला असावा लागतो.

बिलियर्ड्स : तीन चेंडूंचे गणित

इंग्लिश बिलियर्ड्समध्ये पांढरा, पिवळा आणि लाल असे तीनच चेंडू असतात. पांढरा व पिवळा हे दोन खेळाडूंचे आपापले मारक चेंडू, तर लाल दोघांना सामाईक असतो. गुण तीन मार्गांनी मिळतात. आपल्या चेंडूने उरलेल्या दोन्ही चेंडूंना स्पर्श केला तर ‘कॅनन’ होतो व दोन गुण मिळतात. लाल चेंडू पॉकेटमध्ये घातल्यास तीन आणि प्रतिस्पर्ध्याचा चेंडू घातल्यास दोन गुण असतात. तिसरा मार्ग ‘इन-ऑफ’ हा होय. यात दुसऱ्या चेंडूला लागून आपलाच चेंडू पॉकेटमध्ये जातो. लालवरून गेल्यास तीन व प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूवरून गेल्यास दोन गुण मिळतात. एकाच फटक्यात हे सारे जुळून आले तर कमाल दहा गुण होतात. सलग गुण मिळत राहतात तोवर खेळाडूची पाळी चालू राहते. या सलग गुणांना ‘ब्रेक’ म्हणतात.

या खेळाची अडचण त्याच्या कौशल्यातूनच निर्माण झाली. टॉम रीस यांनी १९०७ मध्ये पॉकेटच्या तोंडाशी दोन चेंडू अडकवून केवळ कॅननच्या जोरावर ४ लाख ९९ हजार १३५ गुणांचा अपूर्ण ब्रेक रचला. तो पूर्ण होण्यास अनेक आठवडे लागले. अशा कॅननवर बंदी आली. ऑस्ट्रेलियाचे वॉल्टर लिंडरम यांनी १९३२ मध्ये लंडनला जो डेव्हिस यांच्याविरुद्ध ४ हजार १३७ गुणांचा ब्रेक केला. चेंडू कुशनच्या कडेने सावकाश नेत, हलक्या स्पर्शाने गुण जोडण्याची ही शैली अचंबित करणारी असली, तरी प्रेक्षकाला तासन् तास एकच दृश्य पाहावे लागे आणि प्रतिस्पर्धी खुर्चीवर बसून राही. त्यानंतर ठरावीक गुणांनंतर बॉकलाइन ओलांडण्याची अट घालण्यात आली. आज सलग ७५ हून अधिक कॅनन किंवा सलग १५ हून अधिक पॉट व इन-ऑफ करता येत नाहीत. तोपर्यंत प्रेक्षक मात्र दुसऱ्या खेळाकडे वळले होते. तो खेळ भारतातून इंग्लंडला गेलेला स्नूकर होता.

स्नूकर : जबलपूर ते उटी

जबलपूरच्या छावणीत १८७५ च्या पावसाळ्यात डेव्हनशायर रेजिमेंटचे अधिकारी बिलियर्ड्सच्या टेबलावर ‘ब्लॅक पूल’ खेळत असत. पंधरा लाल चेंडू आणि एक काळा, असा तो पैज लावून खेळण्याचा खेळ होता. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने त्यात आणखी रंगीत चेंडूंची भर सुचवली. (पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत.) वूलिचच्या लष्करी अकादमीत नवख्या कॅडेटला ‘स्नूकर’ म्हणत. एका सहकाऱ्याचा सोपा फटका चुकला तेव्हा चेंबरलेन यांनी त्याला या शब्दाने हिणवले आणि या खेळात आपण सारेच नवखे, असे म्हणत खेळालाच ते नाव दिले.

पुढे चेंबरलेन मद्रास लष्कराच्या सरसेनापतींच्या सेवेत गेले. उन्हाळ्यात त्यांचा मुक्काम उटकमंडला, म्हणजे उटीला असे. तेथील क्लबात १८८२ मध्ये स्नूकरचे नियम लिहून भिंतीवर लावण्यात आले. इंग्लंडचे बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्स ज्युनियर १८८५ मध्ये कोलकात्यात चेंबरलेन यांना भेटले व त्यांच्याकडून नियम समजून घेऊन त्यांनी हा खेळ मायदेशी नेला. वयाच्या उत्तरार्धात, १९३८ मध्ये, चेंबरलेन यांनी ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पत्र लिहून खेळाच्या जन्माची हकिकत मांडली. त्यामुळे जबलपूरच्या दाव्याला आधार मिळाला.

स्नूकरमध्ये पांढऱ्या मारक चेंडूसह २२ चेंडू असतात. १५ लाल चेंडूंना प्रत्येकी एक गुण. पिवळ्याला दोन, हिरव्याला तीन, तपकिरीला चार, निळ्याला पाच, गुलाबीला सहा आणि काळ्याला सात गुण असतात. आधी लाल, मग कोणताही एक रंग, पुन्हा लाल असा क्रम चालतो. लाल शिल्लक असेपर्यंत पॉट झालेला रंगीत चेंडू पुन्हा आपल्या जागी ठेवला जातो. लाल संपले की उरलेले सहा रंग गुणांच्या चढत्या क्रमाने घालायचे असतात. प्रत्येक लालसोबत काळा घातला आणि शेवटी सर्व रंग साफ केले तर १४७ गुण होतात. हा नेहमीच्या क्रमाने होणारा सर्वोच्च ब्रेक होय. चूक झाल्यास प्रतिस्पर्ध्याला किमान चार व कमाल सात गुण दिले जातात. ज्या चेंडूला आधी स्पर्श करणे बंधनकारक आहे तो सरळ रेषेत गाठता येणार नाही अशा रीतीने प्रतिस्पर्ध्याला अडकवणे, यालाही ‘स्नूकर’ म्हणतात. त्यामुळे बचाव हा आक्रमणाइतकाच या खेळाचा भाग आहे.

व्यावसायिक स्नूकरची पहिली जागतिक स्पर्धा १९२७ मध्ये जो डेव्हिस यांनी जिंकली. बीबीसीचा ‘पॉट ब्लॅक’ हा कार्यक्रम १९६९ मध्ये सुरू झाला. चेंडूंच्या रंगांमुळे स्नूकर रंगीत दूरचित्रवाणीला अगदी साजेसा ठरला. जागतिक स्पर्धा १९७७ पासून शेफिल्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात भरते. हौशी खेळाडूंची पहिली जागतिक स्नूकर स्पर्धा मात्र १९६३ मध्ये भारतात, कोलकाता येथे झाली होती.

पूल : लहान टेबल, मोठा प्रसार

पूलचे स्पर्धेचे टेबल नऊ फुटी असते व खेळण्याची जागा १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असते. व्यावसायिक हॉलमध्ये सात व आठ फुटी टेबलेही दिसतात. चेंडूच्या मानाने पॉकेट रुंद असते आणि कापड लव नसलेले, वेगवान असते. पूलची पॉकेटे कोनात कापलेली, तर स्नूकरची गोलाईने वळलेली असतात. कुशनच्या कडेने जोरात मारलेला चेंडू पूलमध्ये आत जाऊ शकतो. स्नूकरमध्ये तोच चेंडू पॉकेटच्या तोंडाशी हिंदकळून बाहेर येण्याची शक्यता अधिक असते.

‘एट-बॉल’ या प्रकारात १ ते ७ क्रमांकांचे एकरंगी आणि ९ ते १५ क्रमांकांचे पट्टेदार असे दोन गट पडतात. आपला गट संपवून आठ क्रमांकाचा काळा चेंडू घालणारा जिंकतो; तो वेळेआधी घालणारा डाव गमावतो. ‘नाइन-बॉल’मध्ये टेबलावरील सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला आधी स्पर्श करावा लागतो आणि नियमानुसार नवव्या क्रमांकाचा चेंडू घालणारा विजयी ठरतो. नियम लवकर समजतात, डाव लवकर संपतो आणि टेबलाला जागा कमी लागते. त्यामुळे भारतातील मॉल, महाविद्यालयांचा परिसर आणि लहान शहरांतील हॉल यांत पूल झपाट्याने पोहोचला. आज अनेक तरुणांचा क्यूशी पहिला परिचय पूलच्या टेबलावर होतो.

भारतीय विजेत्यांची परंपरा

भारतात बिलियर्ड्स आले ते लष्करी मेस, संस्थानिकांचे राजवाडे आणि गोऱ्यांचे क्लब यांच्यामार्फत. स्वातंत्र्यानंतर तीच टेबले जिमखान्यांच्या सदस्यांसाठी खुली झाली. या पार्श्वभूमीवर विल्सन जोन्स यांचे यश उठून दिसते. पुण्यात २ मे १९२२ रोजी जन्मलेल्या जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. राष्ट्रीय बिलियर्ड्स विजेतेपद त्यांनी बारा वेळा मिळवले. अर्जुन पुरस्कार, १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९६ मध्ये प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार, असा त्यांचा गौरव झाला. ५ ऑक्टोबर २००३ रोजी त्यांचे निधन झाले.

मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ अशी तीन वेळा जागतिक हौशी स्पर्धा जिंकली. राष्ट्रीय स्पर्धेत १९७८ मध्ये त्यांनी १ हजार १४९ गुणांचा ब्रेक केला. तो त्या काळचा हौशी खेळाडूंमधील जागतिक विक्रम होता. फरेरा यांनी १९८१ मध्ये पद्मश्री नाकारली. क्रिकेटपटू सुनील गावसकर यांना पद्मभूषण दिले जात असताना विश्वविजेत्या बिलियर्ड्सपटूला कमी दर्जाचा सन्मान का, हा त्यांचा प्रश्न होता. दोन वर्षांनी त्यांना पद्मभूषण देण्यात आले. टेबलावरील यशाचे मोल क्रिकेटच्या तुलनेत कसे ठरते, हा वाद त्या निमित्ताने प्रथमच जाहीरपणे पुढे आला.

कोलकात्याचे ओम अग्रवाल यांनी १९८४ मध्ये डब्लिन येथे जागतिक हौशी स्नूकर विजेतेपद मिळवले. भारताचे हे स्नूकरमधील पहिले जागतिक विजेतेपद होते. अहमदाबादचे गीत सेठी यांनी १९८५, १९८७ आणि २००१ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा, तर १९९२ ते २००६ या काळात पाच वेळा व्यावसायिक जागतिक स्पर्धा जिंकली. १९९२ च्या व्यावसायिक स्पर्धेत त्यांनी १ हजार २७६ गुणांचा ब्रेक नोंदवला. कोलकात्याचे मनोज कोठारी १९९० मध्ये विश्वविजेते झाले आणि त्यांचे पुत्र सौरव कोठारी यांनी २०१८ मध्ये जागतिक बिलियर्ड्स विजेतेपद मिळवले.

या परंपरेचा कळस म्हणजे पंकज अडवानी. २४ जुलै १९८५ रोजी पुण्यात जन्मलेले अडवानी बंगळुरूत अरविंद सवूर यांच्या मार्गदर्शनाखाली घडले. २००३ मध्ये त्यांनी चीनमध्ये जागतिक स्नूकर स्पर्धा जिंकली. २००५ मध्ये माल्टात बिलियर्ड्सच्या गुणांवर आधारित आणि वेळेवर आधारित अशा दोन्ही प्रकारांत ते विश्वविजेते झाले. हा दुहेरी पराक्रम त्यांनी २००८ आणि २०१४ मध्येही केला. बिलियर्ड्समधील सावकाश, हलका स्पर्श आणि स्नूकरमधील लांब पल्ल्याचे पॉट यांसाठी क्यू धरण्याच्या सवयी वेगवेगळ्या लागतात. त्यामुळे दोन्ही खेळांत सर्वोच्च पातळी राखणारे खेळाडू विरळा. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोहा येथे अडवानी यांनी २८ वे जागतिक विजेतेपद मिळवले. खेलरत्न आणि २०१८ मध्ये पद्मभूषण या सन्मानांचे ते मानकरी आहेत.

महिलांमध्ये कर्नाटकच्या आर. उमादेवी यांनी २०१२ मध्ये जागतिक बिलियर्ड्स विजेतेपद मिळवले. विद्या पिल्लई यांनी २०१७ मध्ये सिंगापूर येथे महिलांच्या जागतिक स्नूकर स्पर्धेची अंतिम फेरी गाठली आणि हाँगकाँगच्या एनजी ऑन यी यांच्याकडून त्या ५-६ अशा निसटत्या फरकाने पराभूत झाल्या.

स्पर्धांची रचना आणि समोरचे प्रश्न

हौशी खेळाची जागतिक सूत्रे आंतरराष्ट्रीय बिलियर्ड्स व स्नूकर महासंघाकडे, तर देशातील सूत्रे भारतीय बिलियर्ड्स व स्नूकर महासंघाकडे आहेत. राज्य संघटनांच्या निवड स्पर्धांतून खेळाडू राष्ट्रीय स्पर्धेत येतात. तेथे बिलियर्ड्स, १५ लाल चेंडूंचे स्नूकर, सहा लाल चेंडूंचे स्नूकर आणि पूलचे विविध प्रकार यांसाठी पुरुष, महिला व कनिष्ठ गटांच्या स्पर्धा होतात. सहा लाल चेंडूंच्या प्रकारात कमाल ब्रेक ७५ गुणांचा असल्याने फ्रेम लवकर संपते. बिलियर्ड्सचे सामनेही आता कमी गुणांच्या अनेक डावांत खेळवले जातात, जेणेकरून समोरच्या खेळाडूला संधी मिळत राहावी. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडिया यांच्या निमंत्रित व खुल्या स्नूकर स्पर्धा, तसेच पुण्यातील पूना क्लब व पीवायसी हिंदू जिमखान्याची टेबले यांनी महाराष्ट्रातील खेळाला बळ दिले आहे.

व्यावसायिक स्नूकरचा मार्ग ब्रिटनमधून जातो. तेथे राहण्याचा, सरावाचा आणि प्रवासाचा खर्च मोठा असून आरंभीच्या फेऱ्यांत हरल्यास हाती फारसे काही येत नाही. अडवानी यांनी दोन हंगाम या टूरवर खेळून २०१४ मध्ये तो सोडला. मुंबईच्या आदित्य मेहता यांनी २०१३ मध्ये नवी दिल्लीतील इंडियन ओपनची अंतिम फेरी गाठली. मानांकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलेले ते पहिले भारतीय ठरले. चीनच्या डिंग जुनहुई यांनी त्यांचा ५-० असा पराभव केला. त्याच वर्षी कोलंबियातील काली येथे झालेल्या वर्ल्ड गेम्समध्ये मेहता यांनी स्नूकरचे सुवर्णपदक मिळवले.

आशियाई क्रीडा स्पर्धेत हे खेळ १९९८ मध्ये बँकॉक येथे प्रथम आले. तेथे अशोक शांडिल्य यांनी बिलियर्ड्स एकेरीचे आणि सेठी यांच्या साथीने दुहेरीचे सुवर्ण जिंकले. अडवानी यांनी २००६ मध्ये दोहा व २०१० मध्ये ग्वांगझू येथे बिलियर्ड्स एकेरीचे सुवर्णपदक मिळवले. ग्वांगझूनंतर मात्र हे खेळ आशियाई स्पर्धेच्या कार्यक्रमातून वगळले गेले. ऑलिम्पिकमध्ये त्यांचा समावेश कधीच झालेला नाही. शासकीय साहाय्य, शिष्यवृत्ती आणि खेळाडू कोट्यातील नोकऱ्या यांचे निकष बहुधा याच दोन स्पर्धांशी जोडलेले असल्याने या निर्णयाचा फटका नव्या पिढीला बसतो. पेट्रोलियम क्षेत्रातील सार्वजनिक कंपन्यांनी खेळाडूंना दिलेल्या नोकऱ्या हा अनेकांचा मोठा आधार राहिला. अडवानी हेही ओएनजीसीच्या सेवेत आहेत.

दुसरा प्रश्न टेबलाचाच आहे. क्लबचे सदस्यत्व बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असते. तासावर पैसे आकारणाऱ्या हॉलनी ही कोंडी काही अंशी फोडली आणि मध्यमवर्गातील मुलांना क्यू हाती धरता आला. परंतु पैजा, धूम्रपान आणि उशिरापर्यंतची वर्दळ यांमुळे अशा जागांकडे पालक साशंकतेने पाहतात. मुलींसाठी तर हा अडथळा आणखी मोठा ठरतो. कर्नाटक राज्य बिलियर्ड्स संघटनेने बंगळुरूत खेळाडूंसाठी उभारलेल्या केंद्राचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. अडवानी, उमादेवी यांसारखे खेळाडू तेथे तयार झाले. संघटनेची स्वतःची टेबले, ठरावीक वेळ, प्रशिक्षक आणि कनिष्ठ गटाच्या नियमित स्पर्धा एवढी व्यवस्था असली, तर क्लबच्या सदस्यत्वावाचूनही विश्वविजेता घडू शकतो, हे त्यातून दिसून आले.

जबलपूरच्या छावणीत स्नूकर जन्माला आल्यास २०२५ मध्ये दीडशे वर्षे पूर्ण झाली. या काळात मेसमधून क्लबात, क्लबातून हॉलमध्ये आणि तेथून राष्ट्रीय स्पर्धेच्या सभागृहात असा टेबलाचा प्रवास झाला. शाळा, महाविद्यालये आणि जिल्हा क्रीडा संकुले हा त्याचा पुढचा टप्पा अद्याप बहुतेक ठिकाणी बाकी आहे.